एकवीस अंकांची संख्या

पाटीवर अंक गिरवणाऱ्या मुलांना पूर्वी एकं, दहं, शतं, सहस्र असे म्हणत म्हणत थेट परार्धापर्यंत जावे लागे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथात ही अठरा स्थाने क्रमाने सांगितली आहेत. त्यांतले शेवटचे परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्ये. सावकाराची वही असो की राज्याचा जमाखर्च असो, व्यवहाराची गाडी परार्धापर्यंत कधी पोहोचत नाही. म्हणून मुले तो शब्द पाठ करीत आणि थोड्याच दिवसांत विसरूनही जात. परंतु गणितात अशा काही संख्या आहेत की त्यांच्यापुढे परार्धही लहान वाटावा. त्यांपैकी एका संख्येची ही हकीकत आहे. ती संख्या अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

तिच्यात एकवीस अंक आहेत. परार्धांनीच मोजावयाचे म्हटले तर ती चौदाशे पंच्याहत्तर परार्धांहून अधिक भरते. मात्र आकाराने मोठी एवढेच तिचे वैशिष्ट्य असते, तर तिच्यासाठी एवढा मजकूर खर्ची घालण्याचे कारण नव्हते. तिच्यापुढे आणखी एक शून्य मांडले की दसपट मोठी संख्या तयार होते. या संख्येविषयी एका विद्वानाने एक विधान केले, ते विधान दोनशे बत्तीस वर्षे कोणालाही खोडता आले नाही, आणि खोडल्यानंतरही खरे उत्तर हाती येण्यास आणखी सत्तावीस वर्षे लागली. तिचे महत्त्व आहे ते यामुळे.

ही संख्या तयार होते मात्र अगदी साध्या रीतीने. दोन ही संख्या सदुसष्ट वेळा मांडावी, त्या सर्वांचा गुणाकार करावा आणि येणाऱ्या उत्तरातून एक वजा करावा. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला की ती मिळते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करीत जाण्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. तो पट चौसष्ट घरांचा असतो. त्याला आणखी तीन घरे जोडली, तर सर्व घरांत मिळून जितके दाणे मावतील तितकी ही संख्या आहे.

अशा संख्या लहान प्रमाणावर करून पाहाव्यात. दोनाच्या दुसऱ्या घातातून एक वजा केला की ३ येतात. तिसऱ्या घातातून ७, पाचव्यातून ३१, सातव्यातून १२७. या चारही संख्या मूळ आहेत; म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः यांच्यावाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही. चौथ्या घातातून मात्र १५ येतात, सहाव्यातून ६३. आणि या संख्या संयुक्त आहेत. तेव्हा घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त होते, हा नियम सहज सिद्ध करता येतो. यावरून घातांक मूळ असेल तर संख्याही मूळच येत असली पाहिजे असे कोणासही वाटेल. पूर्वी अनेकांना तसे वाटलेही. परंतु अकरा हा घातांक घेतल्याबरोबर हा समज ढासळतो. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केला की २,०४७ येतात, आणि २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मग कोणत्या मूळ घातांकाला मूळ संख्या मिळते आणि कोणत्याला मिळत नाही? या प्रश्नाला प्राचीन काळापासून महत्त्व होते. ग्रीक गणिती परिपूर्ण संख्यांना फार मानीत. जिच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच होते, ती परिपूर्ण संख्या. सहाचे विभाजक १, २ आणि ३; त्यांची बेरीज ६. अठ्ठाविसाचे १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. युक्लिडने दाखवून दिले की दोनाच्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळाली, की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते. तीनापासून ६, सातापासून २८, एकतिसापासून ४९६, एकशे सत्ताविसापासून ८,१२८. म्हणून या जातीच्या मूळ संख्येचा शोध हा परिपूर्ण संख्येचाही शोध ठरे.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात मारँ मेर्सेन नावाचा धर्मोपदेशक राहत होता. त्या काळी शास्त्रीय नियतकालिके नव्हती. एकाने लावलेला शोध दुसऱ्याला कळावा तो पत्रांतूनच. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ यांच्यासारख्या थोर पुरुषांशी मेर्सेनचा पत्रव्यवहार असे आणि एकाचे विचार दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे काम तो मोठ्या आवडीने करी. १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात त्याने लिहून टाकले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकराच घातांकांना मूळ संख्या मिळतात, इतरांना नाही. या यादीतील सदुसष्ट हा अंक आपल्या एकवीस अंकी संख्येचा घातांक होय.

मेर्सेनने हे कशावरून ठरविले, ते त्याने सांगितले नाही. पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे की नाही हे ठरवावयास सारा काळही पुरणार नाही, असे त्यानेच अन्यत्र म्हटले आहे. आणि त्याच्या यादीतील शेवटची संख्या तर अठ्ठ्याहत्तर अंकांची आहे! तरीही त्याचा अधिकार एवढा मोठा होता की लोकांनी यादी मानली. खरे म्हणजे ती मानण्यावाचून गत्यंतरही नव्हते, कारण ती खोटी ठरवावयाची तर भागाकार करून पाहावे लागणार.

तो भागाकार किती मोठा, हे एकदा मोजून पाहिले पाहिजे. एकवीस अंकी संख्येचा शेवटचा अंक ७ आहे. म्हणून तिला दोनाने किंवा पाचाने भाग जात नाही. तिच्या अंकांची बेरीज १०९ होते. म्हणून तीनानेही जात नाही. सात, अकरा, तेरा यांनी भागून पाहिले तरी बाकी उरतेच. असे किती भाजक घेत जावयाचे? कोणत्याही संयुक्त संख्येचे दोन अवयव केले तर त्यांतील धाकटा अवयव त्या संख्येच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे एक हजार दोनशे पंधरा कोटी आहे. सम संख्या सोडून केवळ विषम संख्यांनीच भागावयाचे ठरविले तरी सहाशे कोटींहून अधिक भागाकार उरतात. एखाद्या माणसाने न जेवता, न झोपता दर मिनिटाला एक भागाकार उरकला, तरी त्यास साडेअकरा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. मेर्सेनच्या विधानाला हे एवढे मोठे संरक्षण लाभले होते.

ते संरक्षण भेदणारा पहिला पुरुष म्हणजे फ्रान्सचा एद्वार ल्यूकास. हा पॅरिसमध्ये विद्यालयात शिकवीत असे. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या घेऊन खेळावयाचे ‘हनोईचा मनोरा’ नावाचे कोडे त्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. मजेची गोष्ट अशी की त्या कोड्यात सदुसष्ट चकत्या घेतल्या, तर त्या एका खुंटीवरून दुसरीवर नेण्यास कमीत कमी जितक्या खेळी लागतील त्यांची संख्या नेमकी हीच एकवीस अंकी संख्या आहे. सेकंदाला एक खेळी केली तरी खेळ संपण्यास साडेचार लाख कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

ल्यूकासने एक अशी कसोटी शोधली की तीत अवयव शोधावेच लागत नाहीत. अवयव न शोधता संख्या संयुक्त आहे हे कसे कळावे, असा प्रश्न स्वाभाविकच पडेल. लोखंडाची बंद पेटी हलविली असता आत खडखडाट झाला तर आत एकाहून अधिक वस्तू आहेत एवढे कळते; त्या वस्तू कोणत्या ते मात्र पेटी उघडल्यावाचून कळत नाही. ल्यूकासची कसोटी ही अशी पेटी हलवून पाहण्यासारखी आहे. तिला पुढे १९३० मध्ये डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने फार सुटसुटीत रूप दिले. ते शाळेतील मुलांनाही करून पाहता येईल.

आरंभी ४ ही संख्या घ्यावी. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत. आलेल्या उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा हे करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त. एकतीस ही संख्या पाहू. तिचा घातांक पाच, म्हणून तीन वेळा कृती करावयाची. चारापासून १४, चौदापासून १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८, आठापासून ६२, आणि बाकी शून्य. म्हणजे ३१ ही मूळ. हीच कृती २,०४७ या संख्येसाठी नऊ वेळा केली तर शेवटी १,७३६ बाकी उरते. २३ आणि ८९ यांचे नावही न घेता २,०४७ ही संयुक्त आहे हे सिद्ध झाले. सहाशे कोटी भागाकारांच्या जागी, सदुसष्ट या घातांकासाठी अवघे पासष्ट वर्ग! ते वर्ग पुष्कळ अंकांचे, हे खरे. पण चिकाटीच्या माणसाच्या आटोक्यातले.

१८७६ मध्ये ल्यूकासने दोन निकाल दिले. एकशे सत्तावीस या घातांकाबद्दल मेर्सेनचे म्हणणे बरोबर होते. ती एकोणचाळीस अंकांची संख्या मूळ आहे. सदुसष्टाबद्दल मात्र त्याचे म्हणणे चूक होते. आपली एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे. परंतु तिचे अवयव कोणते, याविषयी कसोटी एक अक्षरही बोलत नव्हती. पेटीत खडखडाट झाला; पेटी उघडली मात्र नाही.

ती उघडली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल याने. कोल हा अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा पुष्कळ वर्षे चिटणीस होता. सरळ भागाकार करीत बसण्याचा वेडेपणा त्याने केला नाही. फर्माने सतराव्या शतकातच दाखविले होते की अशा संख्येचा मूळ अवयव घातांकाच्या दुपटीच्या कोणत्यातरी पटीहून एकाने अधिक असतो. २,०४७ चा घातांक अकरा, त्याची दुप्पट बावीस. २३ म्हणजे एक बावीस आणि एक, ८९ म्हणजे चार बावीस आणि एक. आपल्या संख्येसाठी १३४ ची पट अधिक एक, एवढ्याच संख्या तपासावयाच्या. दुसरा एक नियम असा की अवयवाला आठाने भागले असता बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. त्यामुळे उरलेल्यांतल्याही निम्म्या गळतात. कोलने वर्गांच्या बाक्यांसंबंधीचे नियम वापरून आणखीही बारीक चाळण्या लावल्या. धान्य पाखडताना सूप जितक्या वेळा हलवावे तितका कोंडा उडून जातो, तसाच हा प्रकार. तथापि शेवटी हाती लागलेला अवयव १३४ च्या चौदा लक्ष पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या पटीहून एकाने अधिक होता, यावरून चाळण्या कितीही लावल्या तरी दाणा किती खोल होता याची कल्पना येईल. यंत्र नव्हते, होते ते कागद, लेखणी आणि आठवड्याची सुटी.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे सोसायटीची सभा भरली होती. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी कोल निबंध वाचणार असे कार्यक्रमपत्रिकेत छापले होते. त्या सभेचे वर्णन ई. टी. बेल या गणितज्ञाने पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवले आहे. कोल उठला, फळ्याजवळ गेला आणि काही न बोलता त्याने खडूने दोनाचा सदुसष्टावा घात काढावयास आरंभ केला. तो पूर्ण झाल्यावर त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर जाऊन त्याने दोन संख्या मांडल्या आणि त्यांचा गुणाकार लांबलचक रीतीने, शाळेत करतात तसा, करून दाखविला :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

दोन्ही उत्तरे अंकाला अंक जुळली. कोल जागेवर येऊन बसला. तोपर्यंत त्याने एकही शब्द उच्चारला नव्हता. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि प्रश्न कोणीही विचारला नाही. हे अवयव शोधण्यास किती काळ लागला असे बेलने त्यास पुढे विचारले, तेव्हा तीन वर्षांचे रविवार लागले असे त्याने सांगितले म्हणतात. म्हणजे दीडशेहून अधिक रविवार झाले.

सभेचा हा प्रसंग बेलने थोडासा रंगवून सांगितला असेलही. असल्या गोष्टी सांगता सांगता चढत जातात. त्या गुणाकाराचे मात्र तसे नाही. तो कोणी सांगितला म्हणून मानावयाचा नसून कोणासही घरी बसून करून पाहता येतो. जुन्या पद्धतीने नवाचा ताळा पाहावयाचा असेल तर तोही पाहावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिला नवाने भागून बाकी १. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ६४, बाकी १. एक गुणिले एक, एक. मूळच्या एकवीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १०९. तिलाही नवाने भागले की बाकी १. ताळा जुळतो. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच आहे असे सिद्ध होत नाही, परंतु ताळा चुकला असता तर गुणाकार नक्की चुकला असता. संशय राहिला असेल त्याने पुरा गुणाकार करावा. कागदाचा एक ताव आणि अर्धा तास एवढे त्यास पुरे आहेत. ज्या दोन संख्या शोधावयास तीन वर्षांचे रविवार गेले, त्या गुणावयास अर्धा तास! गुणणे आणि अवयव पाडणे या एकाच रस्त्याच्या दोन दिशा आहेत. पण जाण्याचा उतार आहे आणि परतीचा घाट आहे. हा घाट सोपा करण्याची युक्ती अद्याप सापडलेली नाही. शेकडो अंकांच्या संख्यांचे अवयव पाडणे यंत्रांनाही दुर्घट जाते, आणि याच अडचणीचा उपयोग करून संगणकांवरून जाणारे गुप्त संदेश सुरक्षित राखण्याची एक रीत १९७७ मध्ये निघाली.

मेर्सेनच्या यादीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पेरवुशिन नावाच्या रशियन धर्मोपदेशकाने १८८३ मध्ये दाखविले की एकसष्ट या घातांकाला मूळ संख्या मिळते. मेर्सेनने तो वगळला होता. सदुसष्ट हा अंक एकसष्टाच्या जागी चुकून छापला गेला असावा, असा तर्क काहींनी केला. परंतु ८९ आणि १०७ हेही घातांक यादीत असावयास हवे होते, आणि २५७ नको होता, असेही पुढे आढळले. १९४७ पर्यंत सगळी यादी तपासून झाली, तेव्हा पाच चुका निघाल्या. तरीही या जातीच्या संख्यांना आजही मेर्सेनच्याच संख्या म्हणतात, आणि ते योग्यही आहे. चुकीचे का होईना, पण निश्चित विधान त्याने केले होते. म्हणून ते खोडण्यासाठी लोकांना नव्या रीती शोधाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली याच जातीची एक मूळ संख्या चार कोटी दहा लक्ष चोवीस हजार तीनशे वीस अंकांची आहे. ती मूळ आहे हे ठरविताना ल्यूकासचीच कसोटी उपयोगी पडली.

आपली एकवीस अंकी संख्या आता यंत्रापुढे टिकत नाही; तिचे अवयव ते क्षणार्धात सांगते. परंतु घातांक १२७७ घेतला तर जी तीनशे पंच्याऐंशी अंकांची मेर्सेन संख्या मिळते, तिची स्थिती वेगळी आहे. ती संयुक्त आहे हे कसोटीने केव्हाच सिद्ध झाले आहे. जगभरच्या संगणकांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे चाळण्या लावल्या. तथापि २०२४ अखेरपर्यंत तिचा एकही अवयव कोणाच्या हाती लागलेला नव्हता. १८७६ पासून १९०३ पर्यंत सदुसष्टाव्या घाताची संख्या जेथे अडून राहिली होती, तेथेच ती अडून होती.